काशीत सोडलेला दोडका

दिवाकर परचुरे यानं काशीला जायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या मनात विश्वेश्वर नव्हता, गंगा नव्हती आणि परलोक तर मुळीच नव्हता. त्याच्या मनात दोडका होता.

हा दोडका त्याच्याच घराच्या मागच्या अंगणात राहत असे. दिवाकर झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होता आणि त्याचं बिऱ्हाड शहरात, खंडेराव गेटच्या आत होतं. अंगण म्हणायचं म्हणून अंगण. दोन बाजा टाकल्या की तिसऱ्या माणसानं घरात जाऊन बसावं, एवढंच. पण त्याच्या आईनं, यमुनाबाईंनी, वाई सोडताना लुगड्याच्या पदरात दोडक्याचं बी बांधून आणलं होतं, आणि बुंदेलखंडाच्या मातीला ते असं काही मानवलं की आषाढ लागला रे लागला की वेल भिंतीवर चढायचा, भिंतीवरून न्हाणीच्या पत्र्यावर जायचा आणि तिथून शेजारच्या दुब्यांच्या कडुनिंबाला मिठी मारायचा. जिथे बघावं तिथे दोडके लोंबत असायचे. दिवाकर सकाळी न्हाणीतून डोकं वर काढायचा तेव्हा एखादा दोडका त्याच्या टाळूला टेकायचा. (टाळूवर केस फारसे नव्हते, त्यामुळे ते चांगलंच जाणवायचं.)

दिवाकरला दोडका आवडत नसे, असं म्हणणं म्हणजे जूनमध्ये झाशीत जरा उकडतं असं म्हणण्यासारखं आहे. त्याचं कारल्याशी भांडण नव्हतं. कारलं कडू असतं, पण ते तसं तोंडावर सांगतं. दोडका काहीच सांगत नाही. दिवाकरच्या मते दोडका म्हणजे भाजीचं सोंग घेऊन ताटात बसलेलं पाणी. बरं, घरातून ऑफिसात पळावं, तर तिथेही सुटका नाही. बरुआसागरचे शेतकरी पुढच्या गावांना पाठवायला टोपल्याच्या टोपल्या भाजी घेऊन यायचे, आणि श्रावण-भाद्रपदात त्या टोपल्यांत तुरई असायची. तुरई म्हणजे दोडकाच. तिकडे जाऊन नाव बदललं म्हणून स्वभाव बदलत नाही. सकाळी दोडके मोजून पुढे पाठवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन दोडका खायचा, असं त्याचं आयुष्य पावसाळाभर चाले.

‘नको’ म्हणायची सोय नव्हती. यमुनाबाई पंखा घेऊन समोर बसायच्या. "दोन घास खा रे. वाईचं बी आहे ते," असं म्हणायच्या, आणि चाळिशीला आलेला, पार्सल ऑफिसात हमालांवर ओरडणारा दिवाकर मुकाट्यानं दोन घास खायचा. ते दोन घास कधीच दोनावर थांबत नसत.

या सगळ्या दुःखात त्याला एकच सुख होतं, ते म्हणजे तिळाची चटणी. काळपट हिरवी, कुरकुरीत, लसणाच्या वासाची. लहानपणी आई करायची, आता बायको करायची, आणि त्याची बायको पुष्पा ती आईपेक्षाही चांगली करायची. (हे त्यानं आईसमोर कधी म्हटलं नाही, तेवढी अक्कल त्याला होती.) डब्यात दुसरं काही नसलं तरी चालेल, पण चटणी हवी. भाकरीच्या तुकड्यावर चटणी घेऊन तो म्हणायचा, "याला म्हणतात चव! नाहीतर तो तुमचा दोडका!" असं तो म्हणाला की सासूसुनांना दोघींनाही एकदम स्वयंपाकघरात काहीतरी उतू जात असल्याची आठवण व्हायची.

काशीचं डोक्यात भरवलं ते रामकृष्ण दुब्यांनी. दुबेजी ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसत आणि घरी शेजारच्या घरात राहत, त्यामुळे दिवाकरच्या आयुष्यातली कुठलीच गोष्ट त्यांच्यापासून लांब नव्हती. एकदा डबा खाताना ते म्हणाले, "हमारे मामाजी काशी गए थे, करेला छोड़ आए. अब किसी की मजाल नहीं कि थाली में करेला रख दे. भगवान का मामला है, परचुरे बाबू!"

दिवाकरचा घास हातातच राहिला. काशीला गेलं की एक वस्तू जन्मभरासाठी सोडायची, हे त्याला ठाऊक होतं. पण इतका चांगला रिवाज आपण आजवर वाया घालवला, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. रेल्वेचा पास तर होताच. तो त्या दिवशी घरी आला तो शीळ वाजवत.

"आई, आपण सगळे काशीला जाऊ," त्यानं जाहीर केलं.

यमुनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाला देवाधर्माचं वेड नाही, ही त्यांची जुनी खंत होती. "सद्बुद्धी झाली रे बाबा," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या वडिलांबरोबर गेले होते, तेव्हा सीताफळ सोडलं. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतंच. दिवाळीच्या आगेमागे टेकड्यांवरून सीताफळांच्या पाट्या यायच्या, गल्लीत आरोळी यायची, आणि आई दारातून आत निघून जायची. दिवाकरनं आईला सीताफळ खाताना पाहिलंच नव्हतं.

"मग कारलं का नाही सोडलंस?" त्यानं सहज विचारल्यासारखं केलं.

"अरे, आवडतं सोडायचं असतं! नावडतं सोडणं म्हणजे विश्वेश्वराला फसवणं. मला ते कुणी केलेलं चालायचं नाही."

इथे पंचाईत झाली. विश्वेश्वर बनारसला होता आणि तिथून त्याला पार्सल ऑफिसातल्या कारकुनाकडे लक्ष द्यायला कितपत वेळ मिळत असेल, याबद्दल दिवाकरला शंका होती. पण आई समोरच होती, आणि तिला पंखा हलवण्याव्यतिरिक्त दुसरं काम नव्हतं. तेव्हा एकच मार्ग उरला. काशीला जाईपर्यंत दोडका आवडायला हवा. निदान आवडतो असं दिसायला हवं.

त्याच दिवशी संध्याकाळी पानावर बसल्यावर त्यानं भाजीचा पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा!"

पुष्पाचा वाढणारा हात थांबला. "काय झालं? मीठ जास्त पडलं?"

"छे छे. भाजी फार छान झाली आहे."

"कुठली?"

"ही. दोडक्याची."

पुष्पानं पळी खाली ठेवली आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. त्यांची मुलगी कांचन सातवीत होती. झाशीत जन्मल्यामुळे तिचं मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीत उतरायचं. ती म्हणाली, "आई, बाबांना बुखार आहे का? की ॲक्टिंग करतायत?"

"गप जेव," दिवाकर म्हणाला, आणि पुरावा म्हणून त्यानं आणखी भाजी मागून घेतली.

ही चूक मोठी होती. सुखी माणसानं घरात भाजी मागून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी दोडका डाळ घालून आला, मग दाण्याचं कूट घालून आला, मग मसाला भरून आला. दह्यातला दोडका नावाचा एक प्रकार जगात असतो, हे दिवाकरला त्या महिन्यात कळलं. प्रत्येक वेळी ‘वा’ म्हणावं लागायचं, आणि तेही निरनिराळ्या सुरात, कारण कांचन टक लावून बघत असायची.

बातमी कडुनिंबावरून शेजारी गेली. एका सकाळी दुबे भाभी पदरात काहीतरी घेऊन दारात उभ्या. "काए परचुरे भैया, हमने सुनी तुमें तुरैयां भौत नोनी लगतीं? जे लो, तुमाए लाने ल्याए हैं." त्यांनी आणलेले दोडके दिवाकरच्याच वेलाचे होते, फक्त कडुनिंबाच्या पलीकडच्या फांदीवर लागलेले. पण त्यांनी ते इतक्या प्रेमानं दिले की दिवाकरला "अरे वा, भाभीजी!" म्हणावंच लागलं. त्यानंतर त्या रोज देऊ लागल्या.

आणि पुष्पा? पुष्पाच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज आलं होतं. एकदा त्याचं पान उचलताना ती हळूच म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला माझ्या हातची भाजी आवडत नाही. आईंच्या हातची आठवत असेल, म्हणून तुम्ही बोलत नाही. आता फार बरं वाटतं."

दिवाकरला एकदम कसंसंच झालं. आपण चोरी करताना शेजारणीनं यावं आणि ‘दमलात, पाणी घ्या’ म्हणावं, तसं काहीसं. त्याला तिथल्या तिथे खरं सांगावंसं वाटलं. पण दसरा तोंडावर आला होता आणि पास काढून झाला होता. तो नुसतंच "हो ना," असं म्हणाला आणि बाहेर बाजेवर जाऊन आडवा झाला.

दसरा झाल्यावर मंडळी बनारसला निघाली. कोळशाचं इंजिन, चेहरे काळे, कांचन खिडकीशी, यमुनाबाई माळ ओढत आणि पुष्पाच्या पिशवीत वाटेतल्या जेवणाची भाकरी आणि ती चटणी. दिवाकरनं डबा पुसून खाल्ला. गाडीत चटणीची चव आणखीच खुलते, असं त्याचं मत पडलं. या खेपेला मात्र सासूसुनांनी एकमेकींकडे पाहून नुसतंच हसून घेतलं, कारण गाडीत उतू जायला काही नव्हतं.

परचुऱ्यांचे तिथले तीर्थोपाध्ये जगन्नाथभट. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून गंगेच्या काठी राहिलेलं. मराठी होतं, पण ते चांगलं पानात घोळवलेलं. सकाळी घाटावर सगळ्यांची स्नानं झाली. यमुनाबाई सोडायचं ते आधीच सोडून बसल्या होत्या, म्हणून त्या पायरीवर निवांत बसल्या. दिवाकर ओल्या धोतरानं कुडकुडत समोर आला. गुरुजींनी त्याच्या ओंजळीत पाणी घातलं.

"बोला यजमान, काय सोडता? प्रिय वस्तू सांगा."

घरच्यांची खात्री होती की तो जिलबी सोडणार. पुष्पानं तर येताना ‘शेवटची म्हणून’ रस्त्यात त्याला पोटभर खाऊ घातली होती. दिवाकरनं घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "दोडका."

मागून यमुनाबाईंच्या तोंडून "अग बाई!" असा आवाज आला.

"तुरई?" गुरुजींनी भुवया वर केल्या. "प्रिय आहे?"

"जिवापाड!" दिवाकर म्हणाला.

"अरे दिवाकर, थांब," यमुनाबाई पायरीवरून उठल्याच. "दुसरं काहीतरी सोड. जिलबी सोड. नाहीतर कारलं सोड बाबा, चालेल."

"कारलं मला आवडत नाही, आई. नावडतं सोडणं म्हणजे विश्वेश्वराला फसवणं, असं तूच म्हणालीस."

यमुनाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पुष्पानं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता आणि तिचे डोळे मोठे झाले होते. आपल्या त्यागानं घर कसं हेलावून गेलं आहे, हे पाहून दिवाकरला स्वतःबद्दल आदर वाटू लागला. आणि आदर वाटू लागला की माणूस जरुरीपेक्षा जास्त बोलतो. त्याला डाळीतला दोडका, दह्यातला दोडका, भरलेला दोडका असे सगळे डोळ्यांपुढे दिसले. एकही फट राहता कामा नये.

"गुरुजी, नुसती भाजी नाही," तो म्हणाला. "कुठल्याही रूपात नाही. मुळापासून शेंड्यापर्यंत, सालीसकट, बीसकट, या जन्मात दोडका तोंडात घालणार नाही."

"धन्य!" गुरुजी म्हणाले, आणि पाणी गंगेत पडलं.

मग पुष्पाची पाळी आली. तिनं ओंजळीत पाणी घेतलं. मग गुरुजींच्या जवळ वाकून हळूच काहीतरी बोलली. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. "संसारी बाईला कठीण आहे हो, बेटी. पक्कं?" ती म्हणाली, "पक्कं." दिवाकरला वाटलं, चहा सोडला असेल. त्यानं फार चौकशी केली नाही. तो स्वतःच्याच पुण्यात मग्न होता.

झाशीला परत आल्यावरचे पहिले काही दिवस त्यानं स्वर्गात काढले. घरातल्यांच्या पानात दोडका आणि त्याच्या पानात बटाटा! दुबे भाभी दारावरून जाताना त्याला हात जोडू लागल्या. वेलाकडेही तो आता क्षमाशील नजरेनं बघायचा.

पण डबा उघडला की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. भाकरी होती, भाजी होती, चटणी नव्हती. प्रवासानं दमली असेल पुष्पा, असं त्यानं एकदोनदा मनाशी म्हटलं. मग कारळ्याची चटणी आली, मग दाण्याची आली. चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण ती नव्हे. थालीपीठसुद्धा पूर्वीसारखं होईना. पूर्वी कसं मऊ लुसलुशीत असायचं, आता पत्र्यासारखं व्हायला लागलं. घरात सगळं जागच्या जागी होतं आणि जेवणातला जीवच कुठेतरी गेला होता.

आणि मग एके दिवशी ऑफिसात दुबेजींनी आपला डबा उघडला. लसणाचा तो वास आला. पुऱ्यांच्या कडेला काळपट हिरवी, कुरकुरीत चटणी बसली होती.

"दुबेजी! हे तुमच्याकडे कुठून?"

"भाभीजी से सीखी है हमारी घरवाली ने. पुरानी बात है."

दिवाकरनं हात पुढे केला. दुबेजींनी डबा छातीशी धरला. "ना भैया, ना! आपको नहीं मिलेगी. भाभीजी ने सख्त मना किया है. पाप लगेगा!"

"तिलकी चटनीसे कायका पाप लगेगा?" दिवाकरच्या हिंदीतही आता मराठी शिरलं. रागावला की त्याचं तसं व्हायचं.

"वो आप उन्हीं से पूछिए," दुबेजी म्हणाले, आणि त्याच्याकडे पाठ करून जेवू लागले.

दिवाकर त्या दिवशी सुटी झाल्याबरोबर तडक घरी आला. पुष्पा ओसरीवर तांदूळ निवडत होती. कांचन अभ्यास करत होती, म्हणजे पुस्तक उघडून ऐकत होती.

"आपल्याकडे तीळ संपलेत का?" त्यानं जोडे न काढताच विचारलं.

"नाही," पुष्पा म्हणाली.

"लसूण? मिरच्या? खोबरं?"

"सगळं आहे."

"मग चटणी का होत नाही?"

पुष्पा तांदळावर आणखी खाली वाकली. "मला विचारू नका ना."

"तुला नाही तर काय स्टेशनमास्तरला विचारू? दुब्याच्या डब्यात चटणी आहे, माझ्या डब्यात नाही! तो म्हणतो, मला पाप लागेल. साधी तिळाची चटणी... ती तिळाचीच असते ना?"

"तिळाचीही असते."

"म्हणजे?"

"वरून तीळ असतात."

"आणि खालून?"

पुष्पानं सूप बाजूला ठेवलं. तिनं एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. "खालून दोडका असतो," ती म्हणाली.

दिवाकर खाली बसला. जोड्यांसकट ओसरीवर बसला, पण त्याला कुणी काही बोललं नाही.

"दोडक्याच्या शिरा काढतात ना," पुष्पा हळूहळू सांगू लागली, "त्या बारीक चिरायच्या आणि तेलावर कुरकुरीत परतायच्या. मग तीळ, खोबरं, लसूण. तुम्ही लहानपणी दोडका म्हटलं की तोंड मिटून घ्यायचात, म्हणून आईंनी तिळाची चटणी म्हणून सांगितलं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला पहिली तीच शिकवली, आणि बोलायचं नाही अशी ताकीद दिली."

"थालीपीठ?" दिवाकरनं खोल आवाजात विचारलं.

"त्यात दोडका किसून घालत होते. त्यानंच मऊ व्हायचं."

"गणपतीतली भजी? ती बटाट्याची नव्हती?"

"काही काही होती," पुष्पा म्हणाली.

"बाबा, हे तर सबको मालूम आहे," कांचन पुस्तकामागून म्हणाली. "दुबे आंटीला पण."

जन्मभर ज्याच्या नावानं बोटं मोडली, तो दोडका जन्मभर दिवाकरच्या पोटात सुखानं नांदत होता. आणि ज्या दिवशी त्यानं त्याला हाकलून दिलं, त्या दिवशी घरातली चवच उठून गेली. त्याच्यातला पार्सल क्लार्क मात्र अजून शाबूत होता. "एक मिनिट," तो म्हणाला. "मी दोडका सोडला. शिरा वेगळ्या. शिरा म्हणजे पॅकिंग झालं. पॅकिंग काही माल नव्हे."

"‘मुळापासून शेंड्यापर्यंत, सालीसकट, बीसकट,’" आतल्या खोलीतून यमुनाबाईंचा आवाज आला. त्या वाती वळत होत्या, पण कान बाहेर होते. "गंगेत उभा राहून कोण बोललं? मी थांबवत होते ना तुला! आणि आवडतो म्हणे! मला काय ते नाटक कळत नव्हतं? पण तुला वाटलं, नावडतं टाकून आलास. विश्वेश्वरानं बरोबर तुझ्या आवडीचंच काढून घेतलं."

दिवाकरनं मान खाली घातली. सीताफळवाल्याची आरोळी आली की आई आत का निघून जायची, हे त्याला पहिल्यांदाच नीट कळलं. पण तिनं ते जाणूनबुजून सोडलं होतं आणि आपण गाढवपणानं, हेही कळलं, आणि त्यामुळे काही बरं वाटलं नाही.

"पण मग सांगितलंत कशाला?" तो काकुळतीला येऊन म्हणाला. "इतकी वर्षं गुपचूप घातलात, तसाच आणखी घातला असतात! मला काय कळणार होतं?"

"मी तेच म्हणत होते," आतून आवाज आला. "पण तुझ्या बायकोनं ऐकलं नाही."

दिवाकरनं पुष्पाकडे पाहिलं. पुष्पाचे डोळे भरून आले होते.

"मी काशीला खोटं बोलणं सोडलं," ती म्हणाली.

"तू? तू कधी खोटं बोलतेस?"

"रोज. तुमच्याशी." तिनं पदरानं डोळे पुसले. "मी खरं म्हणजे पेढे सोडणार होते. पण तुम्हाला इतक्या वर्षांनी दोडका आवडायला लागला आणि तुम्ही तोच सोडलात. इतक्या खऱ्या मनाचा माणूस, आणि मी त्याला रोज फसवत आले. मला माझीच लाज वाटली हो."

यावर दिवाकरला जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. ‘खऱ्या मनाचा माणूस’ बराच वेळ जोड्यांच्या नाड्या सोडत बसला. मग त्यानं पुष्पाला सगळं सांगून टाकलं. दुब्यांचे मामा, कारलं, ‘वा’, दह्यातला दोडका, सगळं. पुष्पानं ऐकून घेतलं. आधी ती चिडली, मग तिला हसू आलं, आणि मग दोघंही इतकं हसली की कांचन पुस्तक मिटून स्वयंपाकघरात निघून गेली. आपले आईबाप बिघडले असं तिला वाटलं असावं.

एवढ्यावर थांबला असता तर दिवाकरची संध्याकाळ चांगली गेली असती. पण घरात खोटं न बोलणारं माणूस मिळालं की हात शिवशिवतात.

"म्हणजे आता तू काहीही विचारलं तरी खरंच सांगणार?"

"सांगावंच लागणार."

"गणेशोत्सवात मी पद म्हटलं होतं, ते चांगलं झालं म्हणाली होतीस."

"तेव्हा काशी व्हायची होती," पुष्पा म्हणाली.

"बरं. तो तपकिरी कोट?"

"तोही त्याच्या आधीचाच."

दिवाकर जरा घुटमळला. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "मी तुला बघायला आलो होतो... त्या दिवशी मी तुला आवडलो होतो, असं तू मला लग्नानंतर सांगितलं होतंस."

पुष्पा सूप हातात घेऊन बसली होती. तिनं दोन खडे वेचून बाहेर टाकले. "नव्हतात," ती म्हणाली. "पण आमच्या घरी पानात वाढलेलं टाकत नसत."

दिवाकरचा चेहरा एवढासा झाला. ते पाहून पुष्पाला राहवलं नाही. तिनं सूप ठेवलं, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता आवडता हो. खरंच."

दिवाकरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जगातल्या कुठल्या नवऱ्याला असं सर्टिफिकेट मिळालं असेल? खोटं बोलू न शकणारी बायको सांगते आहे! चटणी गेली तर गेली. त्याला एकदम सगळं जग माफ करावंसं वाटलं, दोडक्यासकट.

"किती आवडतो?" त्यानं लाडात येऊन विचारलं.

पुष्पा विचार करू लागली. मनापासून, प्रामाणिकपणे विचार करू लागली. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा छपराकडे पाहिलं, मग पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. दुब्यांच्या घरात कुणीतरी फोडणी दिल्याचा आवाज आला. तरी पुष्पाचा विचार संपेना.

शेवटी आतल्या खोलीतून यमुनाबाईच ओरडल्या, "अग, सांग ना बाई काहीतरी! एवढ्यासाठी विश्वेश्वर नाही रागवायचा!"